सकळ लिपी ते बिटलॉकर: कुलूप लावावे की नाही?

हापिसच्या लॅपटॉपला कुलूप असते. दिसणारे नव्हे, हार्डडिस्कवर जे जे काही आहे ते सगळेच सांकेतिक करून ठेवलेले असते. रुजू होतो त्या दिवशी कुणीतरी मशीन हातात ठेवते, पासवर्ड टाकून घेते आणि पुढची किल्ल्यांची उठाठेव आयटी विभाग बघतो. आपला संबंध नाही. खरा प्रश्न येतो तो घरच्या मशीनचा. तिथे आयटी विभाग म्हणजे आपणच, आणि तक्रार करणारेही आपणच!

आता तर हा प्रश्न विचारण्याआधीच उत्तर दिले जाते. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नवे मशीन मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरून सुरू केले, की बहुतेक वेळा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आपल्या घराला कुलूप आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला किल्ली कुठे आहे हे कुठून ठाऊक असणार?

तेव्हा आज जरा जमाखर्च मांडू. कुलूप लावले तर मिळते काय, आणि जाते काय. पण त्यासाठी अमेरिकेत जायच्या आधी आपण सातशे वर्षे मागे जाणार आहोत. कारण मराठी भाषेने हा प्रयोग एकदा करून पाहिलेला आहे. एखाद्या चिठ्ठीवर नव्हे, अख्ख्या ग्रंथसंग्रहावर. आणि त्याचा निकालही लागलेला आहे.

आधी यंत्राचे थोडक्यात. (ज्यांना हे पाठ आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून उडी मारावी.) साधा पासवर्ड म्हणजे दारावरचा राखणदार. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की राखणदार मागे राहतो आणि माल पुढे जातो. पूर्ण डिस्क सांकेतिक केली की मालच ओळखू येईनासा होतो. डिस्कवर लिहिला जाणारा प्रत्येक बाइट एका लांबलचक किल्लीने बदलून लिहिला जातो आणि वाचताना परत मूळ रूपात आणला जातो. यासाठी आज सगळीकडे जी पद्धत वापरतात ती एईएस. अमेरिकी सरकारने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. हिची सगळ्यात लहान किल्ली १२८ बिटांची. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी. एकेक करून लावून बघू म्हणाल, तर सूर्य विझेल पण कुलूप उघडणार नाही.

यातली मेख अशी की ही मोठी किल्ली आपल्याला पाठ नसते. ती डिस्कच्याच एका कोपऱ्यात, आपल्या पासवर्डच्या छोट्या कुलपात, किंवा मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या भरवशावर ठेवलेली असते. म्हणजे सगळा वाडा एका खुंटीला टांगलेला. खुंटी शाबूत तर वाडा शाबूत. ही खुंटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फायद्याची बाजू सोपी आहे. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. चोराने लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क नेली. तिच्यावर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती, आणि ती सांकेतिक केलेली नव्हती. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या करखात्याने दोन सीडी साध्या टपालाने धाडल्या आणि त्या वाटेतच हरवल्या. अडीच कोटी लोकांची नावे, पत्ते, बँकखाती! त्यानंतर जगभरच्या कंपन्यांनी घाईघाईने डिस्का कुलूपबंद करायला घेतल्या. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे कंपनीचा हिशोब एका ओळीत आटपतो. लावा कुलूप.

घरचा हिशोब मात्र एका ओळीत आटपत नाही. तो का, हे सांगायला आता सातशे वर्षे मागे.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर फिरले, लोकांशी लोकांच्या भाषेत बोलले. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांना विचारून आठवणी गोळा केल्या. हा ग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र', साधारण १२७८ च्या सुमाराचा. मराठी गद्याची सुरुवात इथून धरतात. आजच्या शब्दांत सांगायचे तर हा मराठीचा पहिला मोठा डेटाबेस, आणि तोही मुलाखती घेऊन भरलेला.

पुढे काय झाले? चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीचे राज्य कोसळत होते. त्या धामधुमीत मूळ पोथ्या लुटीत गेल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. मग पंथातल्या माणसांनी त्या आठवणीवरून पुन्हा उभ्या केल्या. हिराइसेसारख्या शिष्येचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. तिला ग्रंथ मुखोद्गत होता. वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला म्हणून लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ मिळतात.

इथे क्षणभर थांबा. पोथ्या लुटीत गेल्या तेव्हा त्या सांकेतिक असत्या तर वाचल्या असत्या का? मुळीच नाही. लुटारूला मजकूर नको होता, त्याला गाठोडे हवे होते. पोथी बाळबोध असो की सांकेतिक, ती गेली ती गेलीच. वाचवले ते दुसऱ्या प्रतीने, आणि ती प्रत माणसांच्या डोक्यात होती. कुलूप आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपला कुलूप लावून "आता माझा डेटा सेफ आहे" म्हणणारे मित्र तुम्हालाही असतील. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

मग चौदाव्या शतकातच पंथाने कुलूप लावले. परंपरेनुसार रवळोबासांनी 'सकळ लिपी' तयार केली. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी, वज्रलिपी अशा आणखी लिप्या झाल्या. वेगवेगळ्या शाखांच्या वेगवेगळ्या. 'लिपी' म्हटले तरी सकळ लिपी ही मुख्यतः अक्षरांची अदलाबदल होती. कल्पनेसाठी माझेच एक उदाहरण घ्या: 'क'च्या जागी 'म' आणि 'म'च्या जागी 'क' लिहायचे ठरले, तर 'कमळ'चे 'मकळ' होते. सगळ्या अक्षरांचा असा कोठा ठरवला की पान अक्षरओळख असलेल्याला वाचता येते, पण समजत मात्र नाही.

असे का केले यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी राजकीय धामधूम सांगतो, कुणी रूढ धर्ममताकडून होणारा विरोध, कुणी पंथाचे ज्ञान दीक्षा घेतलेल्यालाच मिळावे ही भूमिका. कारण काहीही असो, परिणाम सारखाच. पुढची पाचेकशे वर्षे मराठीतले एक प्रचंड वाङ्मय मराठी माणसालाच वाचता येत नव्हते.

आता याचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडू.

जमेच्या बाजूला मोठी रक्कम आहे. पंथ टिकला, ग्रंथ टिकले. राजवटी बदलल्या, भाषेवर फारसीचे थर चढले, तरी आत जुनी मराठी बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली. पंथ पंजाबात गेला, काबूलपर्यंत पोचला. तिथे त्याला 'जयकृष्णी' म्हणत. मराठी ज्यांची घरची भाषा नव्हती अशा लोकांनीही या मराठी पोथ्या जपल्या. सांकेतिक पोथीला चुकून हात लावावा, शब्द 'सुधारावा', असे बाहेरच्या कुणाला करताच येत नव्हते.

खर्चाच्या बाजूलाही रक्कम तेवढीच मोठी. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांना एकोणिसावे शतक संपेपर्यंत आपल्या भाषेतल्या पहिल्या गद्यग्रंथाचा पत्ता नव्हता. आणि आत काय आहे ते दिसत नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी आपापल्या कल्पनेने ती जागा भरली. 'महानुभाव'चे 'मानभाव' झाले, आणि 'मानभावी' म्हणजे ढोंगी असा अर्थ मराठी कोशांत जाऊन बसला. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण आपल्या आज्या सर्रास वापरायच्या. या द्वेषाला इतर कारणेही होती, सगळे खापर लिपीवर फोडणे बरोबर नाही. पण ज्या ग्रंथांनी या म्हणीला उत्तर दिले असते ते ग्रंथ कुलपात होते, हेही खरे. निर्दोष माणसाचा पुरावा त्याच्याच पेटीत, आणि पेटी त्याच्याच धर्माने बंद!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुलूप उघडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिप्यांचा छडा लावला, आणि पंथातल्याही काही मंडळींनी पोथ्या खुल्या केल्या. मग यशवंत खुशाल देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी आयुष्ये घातली. आज अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे लीळाचरित्र सिद्ध झाले तिथे, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. नांदेड जिल्ह्यातले माहूरही या पंथाचे मोठे स्थान. म्हणजे आमच्या मराठवाड्याला हा इतिहास परका नाही.

कुलूप उघडता आले ते दोन कारणांनी. पहिले, ते कुलूप फार मजबूत नव्हते. अक्षरांची अदलाबदल केलेला मजकूर पुरेसा लांब असेल तर कुठले अक्षर किती वेळा येते हे मोजून तो सोडवता येतो. ही युक्ती बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. दुसरे, किल्ली कधी मेलीच नव्हती. गुरूकडून शिष्याकडे, एका मठातून दुसऱ्या मठात, ती शेकडो जिवंत हातांत फिरत राहिली.

आणि इथेच आपली पोटातली भीती जागी व्हायला हवी. सकळ लिपीला राजवाडे भेटले. एईएसला राजवाडे भेटणार नाहीत. जुन्या कुलपात एक फट होती, आणि वारसांना आत यायला ती उपयोगी पडली. आपल्या कुलपात फट नाही. जाणूनबुजून किल्ली मागे ठेवली नाही, तर पाचशे वर्षांनी सोडा, पाच दिवसांनीही कुणी आत येणार नाही.

दुसरे उदाहरण थेट आमच्या गावाकडचे. देवणी म्हटले की बहुतेकांना देवणी जातीचे गाय-बैल आठवतात. ते योग्यच आहे. पण देवणीचा पत्ता किती वेळा बदलला हे फारसे कुणाला माहीत नसते. निजामाच्या हैदराबाद राज्यात हा भाग बीदर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९५६ ला राज्ये भाषेनुसार पडली तेव्हा उदगीर मुंबई राज्यात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात आले. १९६० ला महाराष्ट्र. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. पुढे देवणीचाच स्वतंत्र तालुका. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे कागद मात्र गावोगाव हिंडले.

शिवाय ते तीन-तीन लिप्यांत आहेत. निजामाचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. गावपातळीवर मोडी. नंतर बाळबोध. आमच्या काकांच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक मुंतखब उर्दूत, काही फारखतीचे कागद मोडीत, आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक. यातला एकही कागद कुणी सांकेतिक केलेला नाही. ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो गावातल्या चार माणसांना वाचता येत होता. आज घरात तो कुणालाच वाचता येत नाही. कुलूप लावले नव्हते, तरी बसले! कारण किल्ली म्हणजे लिपी जाणणारी माणसे, आणि ती माणसे एकेक करून गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडी आधी सरकारी कामातून आणि मग शाळेतून उठली. इकडे ४८ नंतर उर्दूही दप्तरातून गेली. दोन पिढ्यांत काम तमाम.

याची किंमत काय असते ते २०२३ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मग प्रत्येक जिल्ह्यात निजामकालीन आणि महसुली दप्तरे बाहेर निघाली, आणि पहिला सवाल पडला: हे वाचणार कोण? मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मागणी बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. पण कुणाच्या पोराला दाखला मिळणार की नाही, हे धूळ खात पडलेल्या एका ओळीवर अवलंबून असावे आणि ती ओळ वाचणारी माणसे जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी असावीत... यावरून माहिती 'असणे' आणि 'मिळणे' यातले अंतर कळते.

तर मंडळी, आता मूळ प्रश्नावर. काकांच्या पेटीतले हे सगळे कागद माझ्या चुलतभावाने स्कॅन करून एका लॅपटॉपवर ठेवले आहेत. जमिनीचा एक वाद कोर्टात आहे, त्यामुळे हा लॅपटॉप मोटारसायकलवर उदगीरला वकिलांकडे जातो, परत येतो. त्याच मशीनवर घरातल्या सगळ्यांची आधार, पॅन, पासबुके, सह्यांचे नमुने. कुलूप लावावे की नाही?

मी अर्थातच म्हणालो, लावू. पुण्यात बसून आपण दुसरे काय म्हणणार! काकांनी मात्र एकच विचारले, "चोराला दिसू नये हे समजलं बाबा. पण उद्या तू तिकडं, हा रानात, अन् मी नाही. मग पोराला दिसंल का?"

माझ्या मते डिस्कच्या कुलपाबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न हाच आहे. यंत्राला चोर आणि वारस यांतला फरक कळत नाही. ज्याच्याकडे किल्ली तो मालक, ज्याच्याकडे नाही तो चोर. सख्खा मुलगा असला तरी.

धोक्याच्या बाजूला नेमके काय काय येते, तेही बघू.

जुन्या वाड्यांतून धान्य साठवायला पेव असायचे. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, वरून मातीने लिंपलेले. कुठे आहे ते घरच्यालाच माहीत. लुटारू येऊन गेला तरी धान्य शाबूत. पण खाली ओल शिरली की वरवरचे चार पायली नव्हे, पेवभर धान्याला वास लागायचा. सांकेतिक डिस्कचेही तेच. साध्या डिस्कवर काही भाग खराब झाला तर बाकीच्या फायली बहुधा निघतात. पण त्या खुंटीच्या जागी, जिथे किल्ली ठेवलेली असते तिथे, बिघाड झाला आणि तिची वेगळी प्रत नसेल तर बाकीची डिस्क ठणठणीत असूनही आतले सगळे गेले. देवणीसारख्या ठिकाणी वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होते, मोटारसायकलवर डिस्क हादरे खाते. हा धोका तिथे पुस्तकी नाही.

मदरबोर्ड बदलला तरी असेच. टीपीएम चिप बदलली की बिटलॉकर मशीन ओळखत नाही आणि ४८ आकडी किल्ली मागतो. दुरुस्तीवाला विचारतो, "सर, की आहे का?" आणि आपण 'की' म्हणजे कीबोर्डवरची समजतो!

१९ जुलै २०२४ तर आपल्यातल्या अनेकांच्या लक्षात असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. एक फाइल काढून टाकली की काम होत होते, पण तिथपर्यंत जायला बिटलॉकरची किल्ली हवी. आणि काही ठिकाणी किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तोही निळा पडलेला. तिजोरीची किल्ली तिजोरीतच!

मग कुलूपवालाच दुकान बंद करतो तो प्रकार. ट्रूक्रिप्ट हे २००४ पासून लाखोंनी वापरलेले सॉफ्टवेअर. मे २०१४ मध्ये एका दिवशी त्याच्या कर्त्यांनी "हे आता सुरक्षित नाही, दुसरे वापरा" अशी पाटी लावली आणि ते गायब झाले. त्याचाच वारसा व्हेराक्रिप्टने पुढे चालवला म्हणून लोक निभावले.

आणि शेवटी माणसाचे डोके. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरकडे ७,००२ बिटकॉइन असलेले एक सांकेतिक उपकरण आहे आणि पासवर्डाची चिठ्ठी हरवली आहे. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ते कायमचे बंद होते. आठ करून झाले, हे २०२१ मध्ये जगभर छापून आले. हा आपल्यापैकीच एक, चांगला तंत्रज्ञ. मग गावाकडच्या काकूंकडून काय अपेक्षा करणार?

धोक्यांच्या जोडीला एक गैरसमजही आहे. मशीन चालू असताना कुलूप उघडेच असते. मेलमधून आलेले घातक सॉफ्टवेअर आत शिरले तर त्याला सगळे साफ दिसते. नुसते झाकण मिटून 'स्लीप' केलेल्या मशीनची किल्ली मेमरीत रेंगाळते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मेमरी थंड करून ती काढूनही दाखवली. आणि सरकारपासून लपवायचे साधन म्हणून कुणी याकडे पाहत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ वाचावे. रीतसर आदेश आल्यावर मजकूर उघडून द्यायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. डिस्कचे कुलूप एकाच गोष्टीवर रामबाण आहे: बंद मशीन परक्याच्या हाती पडणे. बस्स.

आता तराजू धरू. बंद मशीन परक्याच्या हाती पडण्याची शक्यता काकांच्या बाबतीत किती? बरीच. लॅपटॉप प्रवास करतो, दुरुस्तीला जातो, एक दिवस भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये जाईल. त्यावर घरच्या आठ जणांची ओळखपत्रे आणि सह्या आहेत. त्या चुकीच्या हातात पडल्या तर निस्तरायला वर्षे जातील. तेव्हा कुलूप हवेच. पण कागद कायमचे हरवण्याची शक्यताही बरीच आहे, आणि ती चोरापेक्षा विसरभोळेपणाने, बिघाडाने, मृत्यूने येणार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते लातूर जिल्ह्यातला माणूस विसरू शकत नाही. ज्या घरांतली माणसेच उरली नाहीत, तिथे पेटी कुठे होती हे सांगणार कोण? 'किल्ली मला पाठ आहे' हे वाक्य त्या दिवसानंतर आमच्याकडे कुणी फार विश्वासाने म्हणू नये.

महानुभावांचा धडा इथे उपयोगी पडतो. कुलपाने त्यांचा मजकूर परक्या नजरेपासून राखला. मजकूर टिकवला तो अनेक प्रतींनी आणि अनेक किल्लीधारकांनी. उलट मोडीचे झाले. कुलूप नव्हते, पण किल्लीधारक संपले. म्हणजे 'कुलूप की मोकळे' या प्रश्नापेक्षा 'किल्ली किती हातांत आणि पुढच्या पिढीत कुणाकडे' हा प्रश्न मोठा.

म्हणून देवणीला आम्ही जे ठरवले ते सांगतो. तुमचा हिशोब वेगळा असेल, तुम्ही तुमचे ठरवा.

लॅपटॉपला कुलूप लावले. ४८ आकडी किल्ली कागदावर छापली, दोन प्रती. एक पत्र्याच्या पेटीत, दुसरी उदगीरला आत्याकडे. लॅपटॉपच्या बॅगेत एकही नाही. किल्लीखाली मराठीत चार ओळी लिहिल्या, ही कशाची किल्ली आहे आणि ती कुठे टाकायची. कारण नुसते आकडे वीस वर्षांनी मोडीइतकेच अगम्य वाटतील. तीच किल्ली काकांच्या नावाच्या खात्यातही राहू दिली. मायक्रोसॉफ्टवर भरवसा ठेवावा का, असे विचाराल तर आमच्या घरापुरते उत्तर आहे, हो. आमचा धोका मोटारसायकलवरून पडलेली बॅग हा आहे, कुठली महासत्ता नव्हे. पत्रकार असतो तर वेगळे ठरवले असते.

दुसरे, सगळ्याला एकच नियम लावला नाही. आधार, पासबुके, सह्या कुलपातच राहतील. जुन्या खासरा-मुंतखबाच्या स्कॅन प्रती मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आणि दोन नातेवाइकांकडे दिल्या. सत्तर-शंभर वर्षांपूर्वीचा कागद चोरून चोर काय करणार? तो हरवणे हाच त्याचा खरा शत्रू.

तिसरे, दर दिवाळीला ती छापील किल्ली खरोखर टाकून बघायची. न तपासलेली किल्ली आणि नसलेली किल्ली यांत फरक नाही. हे काम काकांच्या नातवाकडे दिले आहे. तो दहावीत आहे आणि त्याला मजा वाटते. पंथात गुरूने शिष्याला कोठा शिकवला, तसेच म्हणा ना.

आणि चौथे, ज्याला कुठल्याच सॉफ्टवेअरची गरज नाही. मोडी आणि उर्दू कागद जाणकारांकडून वाचून घेऊन बाळबोधात लिहून काढायचे. अर्धे झाले आहेत. मुंतखबात आमच्या पणज्याच्या नावापुढे कसली तरी एक नोंद आहे, तिचा अर्थ अजून लागायचा आहे. उर्दू वाचणारे एक निवृत्त मास्तर बीदरला आहेत असे कळले आहे. त्यांचे वय ८७. पुढच्या शनिवारी जातो आहोत.